आयोवा व जालना : दोन काळ्या जमिनी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत एकंदर पन्नास घटकराज्यें आहेत. त्यांपैकीं न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया, टेक्सास हीं नांवें आपल्याकडील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात; आयोवा हें नांव मात्र फारसें कोणाच्या कानावर आलेलें नसतें. तेथें समुद्र नाहीं, उंच पर्वत नाहींत, जगप्रसिद्ध असें शहरही नाहीं. आहे ती जमीन, आणि त्या जमिनींत मका. तरीही जालना जिल्ह्यांतील शेतकऱ्यानें अमेरिकेंतील एकाच राज्याची माहिती करून घ्यावयाची झाली, तर ती आयोवाची करून घ्यावी असें आम्हांस वाटतें. दर मृगाला आपण दुकानांतून संकरित बियाण्याची जी पिशवी विकत आणतों, तिची कल्पना शेतकऱ्यांत प्रथम मोठ्या प्रमाणावर रुजली ती ह्याच राज्यांत. आणि १९९८ सालीं जालन्याचे बद्रीनारायण बारवाले यांस ज्या शहरीं असलेल्या संस्थेकडून जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तें डी मॉइन शहर ह्याच राज्याची राजधानी. ज्या भूमींतून ही विद्या निघाली ती भूमि कशी आहे, तेथील लोकांनीं तिच्यापासून काय मिळविलें आणि काय गमावलें, हें पाहिल्यावांचून त्या पिशवीची खरी किंमत आपणांस कळावयाची नाहीं.

जुन्या मराठी पुस्तकांत ह्या घटकराज्यांस ‘संस्थान’ म्हणत. १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानांत राहिलेल्या आपल्या प्रदेशास तो शब्द फसवा वाटेल, म्हणून येथें ‘राज्य’ हाच शब्द योजिला आहे.

आयोवाच्या पूर्वेस मिसिसिपी व पश्चिमेस मिसूरी अशा दोन महानद्या असून मधला मुलूख म्हणजे एक विस्तीर्ण दुआब होय. क्षेत्रफळ सुमारें १,४५,७०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून किंचित् कमी. पण लोकसंख्या २०२० च्या शिरगणतीप्रमाणें अवघी ३१,९०,३६९. आपल्या एकट्या जालना जिल्ह्याची वस्ती २०११ सालीं १९,५९,०४६ होती, आणि जिल्ह्याचा विस्तार आयोवाच्या एकोणिसाव्या हिश्शाएवढा. ही एक गोष्ट मनांत ठेवली म्हणजे पुढील सर्व आंकडे नीट वाचतां येतात.

तेथील जमीनही काळी आहे. परंतु रंग एक असला तरी दोन्ही जमिनींचें कूळ वेगळें. आपली काळी ही ज्वालामुखीच्या लाव्ह्यापासून झालेल्या काळ्या पाषाणाची झीज होऊन तयार झाली. तिच्यांत चिकणमाती अधिक, म्हणून ती पावसांत फुगते व उन्हाळ्यांत हातभर भेगाळते. तिचा काळेपणा पाहून ती सेंद्रिय द्रव्यानें भरलेली असेल असें परक्यास वाटतें. प्रत्यक्षांत तें द्रव्य तिच्यांत थोडेंच असतें. आयोवाची जमीन बर्फानें घडविलेली आहे. उत्तरेकडून आलेल्या हिमनद्यांनीं खडक दळून त्याचा चुरा तेथें पसरला. त्यांतील शेवटची बारा-चौदा हजार वर्षांपूर्वीं त्या राज्याच्या मध्यभागांत येऊन वितळली. पश्चिमेकडे वाऱ्यानें उडवून आणलेल्या बारीक मातीच्या टेकड्या उभ्या राहिल्या. मग त्या सपाटीवर पुरुषभर उंचीचें गवत हजारों वर्षें उगवलें, त्याच्या मुळ्या खोल जाऊन कुजल्या, आणि त्या कुजण्यानें माती काळी झाली. राज्याचा सुमारें तीनचतुर्थांश भाग अशा गवताळ रानानें व्यापलेला होता. आज त्या रानाचा हजारांत एक भागही शिल्लक नाहीं.

पाऊस तेथें वर्षाकाठीं ८५० ते ९०० मिलिमीटर पडतो. आपल्याकडे ७०० च्या आसपास. फरक आंकड्यांत फार नाहीं, वांटणींत आहे. आपला पाऊस चार महिन्यांत उरकतो व मध्यें महिनाभर दडीही मारतो. त्यांचा वर्षभर थोडाथोडा पडत राहतो आणि पीक उभें असतां अधिक पडतो. हिवाळ्यांत जमीन गोठून दगडासारखी होते, त्यामुळें पीक वर्षांतून एकच. मका एप्रिलअखेर किंवा मे महिन्यांत पेरावयाचा व पानगळीच्या दिवसांत काढावयाचा. रब्बी हा शब्द त्यांच्या शेतींत नाहीं. शिवाय तेथील सखल भाग मूळचा दलदलीचा. म्हणून शेतकऱ्यांनीं तीन-चार फूट खोल भाजलेल्या मातीच्या नळ्या पुरून शेताखालून पाणी ओढ्यांत काढून दिलें, आणि त्यासाठीं गांवोगांव निचऱ्याचे कायदेशीर विभाग स्थापिले. आपला सारा जन्म पाणी अडविण्यांत जातो. त्यांचा गेला तें घालविण्यांत. जालना तालुक्यांतील कडवंचीकरांनीं बांधबंदिस्ती करून व शेततळीं खोदून द्राक्षाचे मळे उभे केले, ती विद्या आयोवांत मिळाली नसती.

आतां इतिहास. १८०३ हें साल दोन्ही प्रदेशांच्या नशिबांत सारखेंच निर्णायक ठरलें. त्या वर्षीं नेपोलियननें मिसिसिपीच्या पश्चिमेचा अफाट मुलूख दीड कोटि डॉलरांस अमेरिकेस विकून टाकला. आयोवा त्यांतच आला. त्याच वर्षीं २३ सप्टेंबर रोजीं आपल्या जिल्ह्यांतील असई येथें, केळणा व जुई ह्या नद्यांच्या बेचक्यांत, वेलस्लीनें शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दक्षिणेंतील सत्तेचें पारडें फिरलें. दोन्हीकडे जमीन कसणाऱ्यास कोणी विचारलें नाहीं. आयोवांत सॉक व मेस्क्वाकी ह्या जमाती मका, भोपळा व घेवडा लावून राहत होत्या. १८३२ सालीं ब्लॅक हॉक नांवाच्या सॉक सरदारानें आपला मुलूख राखण्याचा प्रयत्न केला. तो मोडून काढल्यावर १ जून १८३३ पासून मिसिसिपीकांठची पट्टी गोऱ्या वसाहतवाल्यांस मोकळी झाली. २८ डिसेंबर १८४६ रोजीं आयोवा हें एकोणतिसावें राज्य म्हणून संघांत दाखल झालें. मेस्क्वाकींस कॅन्ससकडे हांकलण्यांत आलें होतें. त्यांतले कांहीं परतले, त्यांनीं पैसे जमविले, आणि १८५७ सालीं टामा परगण्यांत आयोवा नदीकांठीं ८० एकर जमीन रोख पैसे मोजून विकत घेतली. स्वतःची भूमि स्वतःच खरेदी करण्याचा असा प्रसंग इतिहासांत क्वचितच आढळेल. ती वसाहत वाढत जाऊन आजही तेथें नांदत आहे.

सरकारनें सारी जमीन पेरणीपूर्वींच दोरीनें आंखून टाकली होती. एक मैल लांब, एक मैल रुंद असा चौकोन, म्हणजे ६४० एकर. असे छत्तीस चौकोन मिळून एक टाउनशिप. त्यांतला सोळावा चौकोन शाळेच्या खर्चासाठीं राखून ठेवीत. एकरीं सव्वा डॉलर हा सरकारी भाव. आजही विमानांतून पाहिलें तर तें राज्य बुद्धिबळाच्या पटासारखें दिसतें. प्रत्येक कुटुंब आपापल्या शेतांतच घर बांधून राहिलें. आपल्यासारखें गांवठाण, वेस, पार असें कांहीं तेथें झालें नाहीं. आणेवारी, पोटहिस्से व बांधाचे तंटे ह्यांनीं गांजलेल्या आपल्या शेतकऱ्यास ह्या सरळ रेषांचा हेवा वाटेल. पण त्या सरळ रेषा कोऱ्या कागदावर ओढल्या नव्हत्या, हें मागील परिच्छेदावरून ध्यानांत येईलच.

जमिनीच्या खालोखाल त्यांनीं महत्त्व दिलें तें शाळेस. १८५८ सालीं राज्यानें कृषिविद्यालयाची सनद काढली. १८६२ सालीं लिंकनच्या कारकीर्दींत मध्यवर्ती सरकारनें कृषि व यंत्रविद्येच्या शिक्षणासाठीं राज्यांस जमिनी देण्याचा कायदा केला, तेव्हां तो स्वीकारणारें पहिलें राज्य आयोवाच होतें. एम्स येथील हें विद्यालय १८६९ सालीं सुरू झालें. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ ह्या पुस्तकामुळें मराठी घराघरांत पोंचलेले जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर येथलेच पदवीधर. १८९४ व १८९६ सालीं त्यांनीं येथें पदव्या घेतल्या. तेथल्या वॉलेस नांवाच्या प्राध्यापकाचा लहान मुलगा ह्या कार्व्हरांबरोबर रानांत झाडें-पाला ओळखीत हिंडे. त्याच मुलाचें नांव हेन्री वॉलेस.

त्या काळीं आयोवांत मक्याच्या कणसांचीं प्रदर्शनें भरत. कणीस लांब, दाणे सरळ ओळींत, टोंक भरलेलें, असें पाहून बक्षिसें देत. पेरी होल्डन नांवाचे प्राध्यापक ह्या कामांत अग्रेसर होते. १९०४ सालीं त्यांनीं आगगाडींतून राज्यभर फिरून ठेशनाठेशनावर शेतकऱ्यांस बियाण्याची उगवणशक्ति तपासण्याचे धडे दिले, हें त्यांचें मोठेंच कार्य. परंतु शाळकरी वयाच्या वॉलेसनें त्यांच्याच पसंतीचीं कणसें घेऊन तीं वेगवेगळीं पेरलीं, आणि सुंदर कणसाचें उत्पन्न अधिक येतें असें मुळींच नाहीं हें मोजून दाखविलें. पुढें हाच वॉलेस संकराच्या प्रयोगांकडे वळला. मक्याच्या झाडाचें पिढ्यान् पिढ्या स्वपरागीकरण करून शुद्ध पण दुबळे वाण तयार करावयाचे, मग असे दोन वाण एकमेकांशीं संकरावयाचे. पहिल्या पिढींत विलक्षण जोम येतो. १९२६ सालीं त्यानें ह्या बियाण्याची कंपनी काढली. तोच पुढें अमेरिकेचा कृषिमंत्री व १९४१ ते १९४५ उपाध्यक्ष झाला.

ह्या जोमांत एक मेख आहे, आणि ती प्रत्येक शेतकऱ्यानें समजून घेतली पाहिजे. तो जोम पुढल्या पिढींत टिकत नाहीं. संकरित पिकाचें दाणे राखून पेरले तर झाडें उंचसखल येतात व उत्पन्न घटतें. म्हणजे कोठारांतून बीं काढणारा शेतकरी ह्या बियाण्याबरोबर दर वर्षाचा गिऱ्हाईक झाला. आयोवाच्या शेतकऱ्यांनीं हें डोळे झांकून केलें नाहीं. तेथील दोन वस्त्यांतील २५९ शेतकऱ्यांची चौकशी पुढें दोन समाजशास्त्रज्ञांनीं करून १९४३ सालीं प्रसिद्ध केली. १९२८ ते १९४१ ह्या काळांत दोघे वगळून बाकी साऱ्यांनीं संकरित मका घेतला होता. पण बहुतेकांनीं पहिल्या वर्षीं लहानशा तुकड्यावर पेरून पाहिला, आणि माहिती विक्रेत्याकडून मिळाली तरी खात्री पटली ती शेजाऱ्याचें पीक पाहून. त्या काळीं एकरीं सुमारें चाळीस बुशेल, म्हणजे दहा क्विंटल मका होई. आज तेथें दोनशे बुशेल, म्हणजे पन्नास क्विंटल होतो. ह्याचें सारें श्रेय एकट्या बियाण्यास देणें मात्र चूक ठरेल. नत्राचीं खतें, दाट पेरणी, यंत्रें आणि वेळेवर येणारा पाऊस हे चारही त्यांत भागीदार आहेत, व चौथा भागीदार पिशवींत घालून विकतां येत नाहीं.

आयोवाचें बियाणें जगभर कसें गेलें ह्याचा एक मार्ग मेक्सिकोवरून जातो. १९४० सालीं वॉलेस तेथें गेला असतां शेतीची दैना पाहून त्यानें मदतीची खटपट केली. त्यांतून १९४३ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानचें काम सुरू झालें आणि १९४४ सालीं आयोवाच्याच क्रेस्को गांवाजवळ जन्मलेले नॉर्मन बोरलॉग तेथें रुजू झाले. त्यांच्या बुटक्या गव्हानें भारताची कोठारें भरलीं व १९७० सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु त्या सर्वांच्या आधीं, १९२४ पासून, मेक्सिकोंत मक्याच्या वाणांवर काम करणारा एक मराठी मनुष्य होता, हें आपण विसरतों. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांनीं चापिंगो येथील कृषिविद्यालयांत अध्यापन केलें आणि तेथील गरीब शेतकऱ्यांसाठीं मोफत शेतकी शाळा काढल्या. त्यांचें नांव आपल्या कृषिविद्यालयांतील विद्यार्थ्यांस तरी ठाऊक असावें.

जालन्यांत हें युग १९६४ सालीं सुरू झालें. मूळचे हिंगोलीचे बारवाले यांनीं ‘पुसा सावनी’ भेंडीच्या बियाण्यापासून आरंभ करून त्या सालीं महिको कंपनी स्थापिली. त्याच सुमारास संकरित ज्वारी व बाजरीचे पहिले वाण देशांत आले, आणि जालन्याचें नांव बियाण्याशीं कायमचें जोडलें गेलें. आज जालना व शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यांत शेडनेटखालीं भाजीपाल्याचें बीजोत्पादन करणारीं शेंकडों कुटुंबें आहेत. आयोवांत शाळेच्या सुट्टींत पोरें मक्याचे तुरे खुडतात, तसेंच बारीक हातांचें काम येथें बायका करतात.

आयोवाच्या लोकजीवनाविषयीं थोडें. जर्मन, नॉर्वेजियन, डच व चेक अशा नाना लोकांनीं तो मुलूख वसविला. अमाना येथें १८५५ सालीं आलेल्या एका जर्मन पंथानें सात गांवांची जमीन, स्वयंपाकघरें व कारखाने १९३२ पर्यंत सामाईक चालविले. सहकारी शेतीवर व्याख्यानें देणाऱ्यांनीं त्या प्रयोगाचा, तो मोडला कां ह्यासह, अभ्यास करावा. १८५४ पासून भरणारी राज्याची जत्रा अजून भरते, आणि १९११ पासून तींत लोण्याची पूर्णाकृति गाय घडवून मांडतात. ग्रँट वुड ह्या आयोवाच्या चित्रकारानें १९३० सालीं काढलेलें, दांताळें धरून उभ्या असलेल्या कृश शेतकऱ्याचें चित्र जगांत गाजलें; गंमत अशी कीं, त्यासाठीं उभा राहिलेला गृहस्थ चित्रकाराचा दंतवैद्य होता. १९५९ सालीं रशियाचा सर्वाधिकारी क्रुश्चेव्ह कून रॅपिड्स येथील रॉस्वेल गार्स्ट ह्या बियाणेंविक्या शेतकऱ्याकडे मका पाहण्यास आला, तेव्हां वार्ताहरांची इतकी झुंबड उडाली कीं यजमानानें चिडून त्यांच्यावर मुरघास फेंकला.

पण हा मुलूख केवळ सुखाचा नव्हे. १९३२ सालीं मक्याचा भाव इतका पडला कीं कोळशापेक्षां मका स्वस्त म्हणून लोकांनीं चुलींत जाळला. मिलो रीनो ह्या पुढाऱ्याच्या संघटनेनें संप पुकारला. सू सिटीकडे जाणारे रस्ते अडविले गेले, दूध ओतून देण्यांत आलें. जप्तीच्या लिलावांत शेजारी जमून एक-एक पैशाची बोली लावीत, दुसऱ्या कोणास बोलूं देत नसत, आणि माल मूळ मालकास परत करीत. एप्रिल १९३३ मध्यें ले मार्स येथें जप्तीचे हुकूम थांबविण्यास नकार देणाऱ्या न्यायाधीशास जमावानें कचेरींतून ओढून नेऊन गळ्यांत दोर अडकविला; प्राण तेवढा घेतला नाहीं. १ जून २०१७ रोजीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील पुणतांबें येथून निघालेला संप व रस्त्यावर ओतलेलें दूध ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस ही हकीकत परकी वाटणार नाहीं. पुढें १९८१ सालीं एकरीं २,१४७ डॉलरांवर गेलेली जमीन १९८६ सालीं ७८७ वर आली, आणि जमीन तारण ठेवून कर्ज काढलेलीं हजारों कुटुंबें उठलीं.

१९३५ च्या सुमारास सव्वादोन लाखांच्या घरांत असलेलीं शेतें २०२२ सालीं ८७ हजारांच्या आंत आलीं, व एका शेताची सरासरी ३४५ एकर झाली. दोनतृतीयांश जमीन पासष्टी ओलांडलेल्या मालकांच्या नांवें आहे. माणसें बत्तीस लाख, डुकरें सवादोन कोटींहून अधिक. मका व सोयाबीन ह्यांपलीकडे शेतांत फारसें कांहीं दिसत नाहीं, आणि मक्याचा मोठा हिस्सा मोटारींच्या इंधनासाठीं मद्यार्क गाळण्यास जातो. खतांतील नत्र त्या जमिनीखालच्या नळ्यांतूनच नदींत उतरतें. तें पिण्याच्या पाण्यांतून काढण्यासाठीं डी मॉइन शहरास १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांतच स्वतंत्र यंत्रशाळा उभारावी लागली.

बियाण्याच्या मालकीच्या बाबतींत तर ते आपल्या फार पुढें, किंवा फार मागें, गेले आहेत. तेथील सोयाबीन हें स्वपरागी पीक. घरचें बीं पेरण्यास निसर्गाची कांहींच आडकाठी नाहीं. परंतु तणनाशक सहन करणाऱ्या वाणांवर कंपन्यांचें पेटंट असल्यास तें राखून पेरणें हा पेटंटाचा भंग ठरतो. इंडियाना राज्यांतील एका शेतकऱ्यानें बाजारांतील सोयाबीन विकत घेऊन पेरलें, तेव्हां २०१३ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्याच्या विरुद्ध निकाल दिला. आपल्याकडे २००१ च्या वनस्पतिवाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्यानें शेतकऱ्यास बियाणें राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा व विकण्याचाही हक्क ठेवला आहे. संरक्षित वाणाचें बियाणें छाप घालून विकतां येत नाहीं, इतकीच मर्यादा. कापसांत मात्र तो हक्क कागदावरच राहतो, कारण २००२ सालीं बीटी कापूस आला तो संकरित रूपांत. त्यामुळें पिशवी दर साल घ्यावीच लागते, आणि २०१७ च्या हंगामांत गुलाबी बोंडअळीनें त्याच पिशवींतील पिकाचा महाराष्ट्रभर नाश केला.

तेव्हां कोणतें बियाणें विकत घ्यावयाचें व कोणतें घरचें ठेवावयाचें, हा भेद पीकवार केला पाहिजे. मका, कापूस व संकरित बाजरीचें घरचें बीं पेरण्यांत नुकसान आहे. बदनापूरच्या संशोधन केंद्राच्या ‘बीडीएन ७११’ सारख्या तुरीचें, किंवा परभणीच्या ‘एमएयूएस ७१’ सारख्या सोयाबीनचें तसें नाहीं. तूर परागीकरणानें थोडी मिसळते, म्हणून दोन-तीन वर्षांनीं शुद्ध बीं आणावें. सोयाबीन मिसळत नाहीं. २०२० च्या खरिपांत मराठवाड्यांत विकतचें सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा पूर आला होता, हें वाचकांस आठवत असेल.

होल्डननें आगगाडींतून शिकविलेली तपासणी आजही बिनखर्चाची आहे. पोत्याच्या निरनिराळ्या भागांतून मूठमूठ काढून त्यांतले न निवडतां शंभर दाणे घ्यावे. ओल्या गोणपाटावर दहा-दहांच्या दहा ओळींत ते मांडून गुंडाळी करावी, व ती सावलींत ओलसर ठेवावी. सात-आठ दिवसांनीं उलगडून निकोप कोंब मोजावे. सत्तर किंवा अधिक निघाले तर एकरीं तीस किलो पेरावें. साठ-पांसष्ट निघाले तर त्या मानानें बियाणें वाढवावें. त्याहून कमी असल्यास तें दाळीस घालावें, पेरूं नये. सोयाबीनचें साल फार नाजूक असतें. पोतीं आपटलीं किंवा थप्पी उंच रचली तरी उगवण घटते. म्हणून मळणीच्या वेळची खात्री मृगापर्यंत टिकेल असें धरून न चालतां, दुकानांत जावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याइतका अवधि हातीं ठेवून ही तपासणी वैशाखांत पुन्हां एकदां करावी.